आजीने पेज घेतली का?

२०२४ ची दिवाळी आटपली होती, भात झोडून गवताच्या उडव्या रचून झाल्या होत्या. शृंगारतळीत माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. पासपोर्ट, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट, सातबारा, सगळं तिथेच होतं. एका संध्याकाळी समीर दोन कागदांची प्रिंट काढायला आला. एक बँकॉकचं विमानाचं तिकीट, दुसरं नोकरीचं ऑफर लेटर. पुढच्या पंधरा दिवसांत जे झालं ते घरच्यांना विचारून इथे लिहिते आहे. नावं बदललेली आहेत, गाव मुद्दाम सांगत नाही.

समीर बी.एस्सी. झालेला, वय चोवीस. पुण्यात दीड वर्ष कॉल सेंटरला होता, ते बंद पडल्यावर गावी आला. वडील गुहागर रस्त्याला रिक्षा चालवतात. आई घर, दोन म्हशी आणि थोडी कलमं सांभाळते. धाकटी बहीण प्राची चिपळूणला कॉलेजला जाते. आजी २०२१ च्या पावसाळ्यात गेली. आजीचा उल्लेख उगाच करत नाही, तो पुढे लागणार आहे.

नोकरी

ऑफर लेटरवर लिहिलं होतं: कस्टमर सपोर्ट, ठिकाण बँकॉक, पगार महिना ८० हजार रुपये, राहणं-जेवण कंपनीचं. ईमेलचा पत्ता फुकटच्या जीमेलचा. मुलाखत झाली ती टेलिग्रामवर, समोरच्याचा कॅमेरा बंद. टायपिंगचा वेग विचारला, इंग्रजीत चार वाक्यं बोलायला लावली, वीस मिनिटांत निवड. 'प्रोसेसिंग'चे म्हणून ७० हजार आधी भरायचे होते. त्याच्या आईने, म्हणजे वहिनींनी, दोन पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवून ते भरले होते.

मी तिकिटाकडे बघून विचारलं, "व्हिसा कुठला?"

"लागत नाही काकी. साठ दिवस तसंच राहता येतं, मग ते तिथे वर्क परमिट करून देतात. इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं, असं सांगितलंय."

साठ दिवसांचं खरं होतं. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय साठ दिवसांची मुभा दिली होती. पण ती फिरायला जाणाऱ्यांना. तिथे नोकरी करायची तर मालक आधी तिथल्या कामगार खात्याकडून मंजुरी काढतो, त्या कागदावर आपल्याला इथूनच नोकरीच्या वर्गाचा व्हिसा मिळतो आणि वर्क परमिट त्यानंतर. रीतसर नोकरी देणारा माणूस तुम्हाला इमिग्रेशनच्या खिडकीवर खोटं बोलायला सांगत नाही. माझ्या दृष्टीने हा एकच मुद्दा पुरेसा होता. समीरला तो पुरेसा वाटला नाही, आणि त्याला कारण होतं.

नोकरी सांगणारा त्याचा पुण्यातला रूममेट होता. दीड वर्ष एका खोलीत राहिलेले, एकमेकांच्या घरी गणपतीला गेलेले. तो तीन महिन्यांपूर्वी 'बँकॉकला' गेला होता आणि आता मेसेज करून बोलावत होता. "आपलाच माणूस आहे तिथे," हे वाक्य समीर त्या संध्याकाळी चार वेळा बोलला असेल.

या वाक्यापुढे मी गप्प झाले, कारण आपलं कोकण याच वाक्यावर परगावी गेलं आहे. गिरगाव-लालबागला गावाच्या नावाने खोली असायची. नवा पोरगा वळकटी घेऊन उतरला की थेट तिथे. पुढे खाडीपट्ट्यातली माणसं गल्फला गेली तीसुद्धा मामाने भाच्याला आणि भाच्याने शेजाऱ्याला बोलावून. जहाजावर गेलेल्यांचंही तसंच. पलीकडे उभा असलेला माणूस खरा होता, म्हणून ती रीत टिकली. नोकरीच्या नावाखाली मुलं पळवणाऱ्या आताच्या टोळ्या नेमकी तीच रीत वापरतात. थायलंडच्या सीमेपलीकडे म्यानमारमध्ये अडकवलेल्या मुलांना सांगितलं जातं, तुझ्या बदल्यात दोन माणसं आण, मग सोडतो. कधी नुसतं कमिशन असतं, कधी मार असतो. म्हणजे मेसेज खरोखर मित्राचाच असतो, मित्रच मोकळा नसतो. हे मला तेव्हा एवढं स्पष्ट माहीत नव्हतं. समीरला मी एवढंच म्हटलं, "त्याला व्हिडिओ कॉल कर, खिडकी उघडून बाहेरचा रस्ता दाखव म्हणावं." मित्राने दोन दिवस टाळलं, मग "ऑफिसात कॅमेऱ्याला बंदी आहे" म्हणाला.

चाळण

त्या रात्री मी ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर ऑफर पाठवणाऱ्या एजंटचं नाव शोधलं. भारतातून परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणी असलेल्यांची यादी तिथे कोणालाही बघता येते. नाव नव्हतं. शिवाय नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. इथे ७० हजार गेले होते, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर, यूपीआयने.

समीरला दाखवलं तर म्हणाला, "काकी, ते सगळं गल्फला लेबर जातात त्यांच्यासाठी. माझ्या पासपोर्टवर ईसीआर नाही."

अर्धं बरोबर होतं, आणि याच अर्ध्यात धोका आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर म्हणजे 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' अशी नोंद असते. असा माणूस सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया अशा अठरा देशांत नोकरीला निघाला की त्याचा करार, मालक, विमा सगळं सरकारी कार्यालयात तपासलं जातं. थायलंड त्या अठरांत आहे. दहावी पास झालेल्याला ही तपासणी नाही. त्याला कळतं, तो स्वतः बघून घेईल, असा त्यामागचा हिशोब. त्यामुळे गवंडीकामाला मस्कतला चाललेल्या शेजारच्या मुलाचे कागद तीन ठिकाणी बघितले जातात आणि बी.एस्सी. झालेला समीर एका टेलिग्राम मेसेजवर विमानात बसतो. टोळ्यांना तर इंग्रजी आणि कॉम्प्युटर येणारीच मुलं हवी असतात. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच या थायलंड-म्यानमार नोकऱ्यांबद्दल जाहीर सूचना काढली होती. मी ती मोबाइलवर वाचून दाखवली. त्याने ऐकली. म्हणाला, "सगळ्याच कंपन्या तशा नसतात."

घरात मग चार दिवस वाद. वडील म्हणाले, पासपोर्ट लपवून ठेवतो. मी त्यांना तसं करू दिलं नाही आणि आजही ते बरोबरच केलं असं मला वाटतं. चोवीस वर्षांचा मुलगा, डोक्यावर सोनेतारण. लपवलेला पासपोर्ट तो शोधणार, रात्रीची मुंबईची एसटी पकडणार आणि मग घरी फोनसुद्धा करणार नाही. त्याचा फोन आपल्याकडे येत राहिला पाहिजे, एवढं तरी आपल्या हातात ठेवू, असं मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगाल तसा करू. पण पोर परत आला पायजे."

निघण्याआधी

आम्ही काय केलं ते बारकाईने सांगते.

पासपोर्ट. वहिनींनी त्याच्या दोन बनियनना आतून खिसा शिवला, पासपोर्टच्या मापाचा, वर चेन. त्यात पासपोर्ट आणि तीन हजार थाई बाट. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाच्या चार रंगीत झेरॉक्स वेगळ्या दिल्या. कुणी 'नोंदणीसाठी' पासपोर्ट मागितला तर झेरॉक्स द्यायची. खरा पासपोर्ट इमिग्रेशन, पोलिस आणि हॉटेलच्या काउंटरशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही, आणि तिथेही तो परत हातात येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

फोन. एजंटने "सिम इथे देतो" म्हटलं होतं. आम्ही इथूनच दहा दिवसांचा रोमिंग पॅक मारला. दुसऱ्याने दिलेल्या सिमवर आणि दुसऱ्याच्या वायफायवर आपण असलो की आपला आवाज त्याच्या मुठीत असतो. लोकेशन प्राचीला चालू, बॅटरी बँक भरलेली, बँकॉकचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलेला.

नंबर. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५, तिथे इंग्रजीत बोलता येतं. बँकॉकच्या भारतीय दूतावासाचा तातडीचा नंबर त्यांच्याच संकेतस्थळावरून घेतला. दोन्ही फोनमध्ये, आणि कागदावर लिहून बनियनच्या खिशात.

थाई भाषेतली दोन वाक्यं. 'मला या गाडीत जायचं नाही. कृपया पोलिसांना बोलवा.' भाषांतराच्या ॲपमध्ये करून स्क्रीनशॉट काढला, म्हणजे नेट नसलं तरी दाखवता येईल.

शेवटची गोष्ट प्राचीने सुचवली. कुणी शेजारी बसून फोन ऐकत असेल तर दादा काय बोलणार? हिंदी येणाऱ्याला मराठी थोडंफार कळतंच. ती म्हणाली, "दादा, काही गडबड वाटली तर आजीची चौकशी कर. आजीने पेज घेतली का, असं विचार." आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. समीर हसला, मग गप्प झाला. वहिनी उठून चुलीकडे गेल्या.

३२ नंबरचा रस्ता

विमान मुंबईहून रात्री सुटलं, सुवर्णभूमी विमानतळावर तिकडच्या सकाळी सहाला उतरलं. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. बाहेर नावाची पाटी घेऊन एक ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबर हिंदी बोलणारा एक माणूस. रूममेट नव्हताच. "तो ड्यूटीवर आहे." गाडीत आधीच आंध्रचा एक मुलगा बसलेला. माणसाने दोघांकडे पासपोर्ट मागितले, हॉटेलला द्यायला म्हणून. त्या मुलाने दिला. समीरने झेरॉक्स पुढे केली आणि ठरल्याप्रमाणे सांगितलं, "पासपोर्ट बॅगेत खाली आहे, हॉटेलवर काढतो."

आपल्याकडे सव्वासात वाजता प्राची माझ्या दारात. नुकताच गॅस पेटवला होता. तिने फोन पुढे धरला. "काकी, ऑफिस तर बँकॉकमध्ये आहे ना? मग हा ठिपका कुठे चाललाय?"

ठिपका बँकॉकच्या उत्तरेला असलेल्या अयुथ्थया शहराच्याही वर सरकत होता. मी नकाशा लहान केला. ३२ नंबरचा महामार्ग, सरळ उत्तरेला नखोन सावनकडे. तिथून पुढे कांफेंग फेट, ताक, आणि ताकहून डावीकडे वळलं की मे सोत. बँकॉकपासून साधारण पाचशे किलोमीटर, मुंबई ते सावंतवाडी एवढं. मे सोतच्या पलीकडे मोई नदी आणि नदीच्या पलीकडे म्यानमारचं म्यावाड्डी. मोई म्हणजे आपल्या दाभोळच्या खाडीसारखी नव्हे. धोपाव्याहून दाभोळला जायला फेरीबोट लागते, ही नदी उन्हाळ्यात ठिकठिकाणी पायी ओलांडता येते. नदीच्या अलीकडे पोलिस आहेत, कायदा आहे, ११५५ ला फोन लागतो. पलीकडचा पट्टा सशस्त्र गटांच्या ताब्यात आहे. तिथे या टोळ्यांची बंदिस्त आवारं आहेत, त्यांत फोन आणि पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसाचे बारा-पंधरा तास लोकांना ऑनलाइन फसवायला बसवतात. आपल्याला 'डिजिटल अरेस्ट'चे जे फोन येतात त्यांतले कित्येक याच भागातून येतात. त्याला हे समजवायला आमच्याकडे तीन-चार तास होते.

मी प्राचीला म्हटलं, नेहमीसारखा फोन कर, पोचलास का म्हणून. तिने लावला. समीर म्हणाला, होय, गाडीत आहे, ट्रेनिंग दुसऱ्या ब्रँचला आहे म्हणतात. आवाज सरळ होता. मग क्षणभर थांबून म्हणाला, "आजीने पेज घेतली का?"

प्राचीचे ओठ पांढरे पडले. पण ती पोरगी म्हणाली, "घेतली. मिठाची गाठ लावून घेतली. तू पण वाटेत काहीतरी खा, उतर कुठेतरी." एवढंच. मी शेजारी उभी होते, मला हे सुचलं नसतं.

दूतावासाचा फोन दुसऱ्या प्रयत्नात लागला. समोरच्या माणसाने नाव, पासपोर्ट नंबर आणि आत्ताची जागा विचारली. गाडीचा नंबर समीरने विमानतळावरूनच फोटो काढून पाठवला होता, तो दिला. त्यांनी सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे: चालत्या गाडीत वाद घालू नका, दार उघडू नका. माणसं असतील, उजेड असेल, कॅमेरे असतील तिथे उतरा आणि उतरल्यावर त्या जागेवरून हलू नका.

नखोन सावनच्या अलीकडे गाडी पेट्रोल पंपावर थांबली. तिकडचे पंप मोठे असतात, दुकान, खाण्याच्या टपऱ्या, स्वच्छतागृह. समीर लघवीला म्हणून उतरला. पाठीवर छोटी सॅक, फोन हातात, पासपोर्ट बनियनमध्ये. मोठी बॅग डिकीत.

त्या बॅगेबद्दल तो नंतर माझ्याशी खूप वेळ बोलला. दिवाळीचे नवे कपडे, बूट, कुळथाचं पीठ, आंबापोळी, आईने बांधून दिलेली चटणी. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन तो थांबला होता. बॅग काढून घेऊ का, डिकी उघड म्हणू का, असं त्याच्या मनात आलं. "काकी, पाटल्या गेल्या त्या गेल्या, निदान बॅग तरी, असं वाटत होतं." एक पाय मागे वळलाही होता. मग दिसलं की तो हिंदीवाला सिगरेट टाकून त्याच्याकडेच बघतोय. तो आत शिरला आणि काउंटरवरच्या मुलीला फोनचा स्क्रीन दाखवला.

मुलीने दोनदा वाचलं, त्याच्याकडे बघितलं आणि त्याला काउंटरच्या आतल्या बाजूला यायची खूण केली. हिंदीवाला आत आला. आधी गोडीत, मग "पैसे भरून दे, मग जा", मग शिवी. दुकानात पाच-सात माणसं होती. मुलगी फोनवर बोलत होती. तो बाहेर गेला आणि गाडी निघून गेली. समीरने काचेतून आंध्रच्या मुलाला हाताने खूण केली होती, उतर म्हणून. तो हलला नाही. त्याचा पासपोर्ट पुढच्या सीटवर होता.

परत आल्यावर

पोलिसांनी जबाब घेतला, पर्यटक पोलिसांचा एक दुभाषी फोनवर होता. रात्र नखोन सावनला, दुसऱ्या दिवशी बसने बँकॉक, तिसऱ्या दिवशी विमान. तिकीट वडिलांनी रिक्षाच्या इन्शुरन्सला ठेवलेल्या पैशांतून काढलं. व्हिसाशिवाय पर्यटक म्हणून शिक्का होता, साठ दिवस व्हायचे होते, त्यामुळे परतीला अडचण आली नाही. सीमा ओलांडली असती तर थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का नाही, म्यानमारमध्ये शिरल्याचा नाही. तिथून सुटलेल्यांनाही मग बेकायदा प्रवेशाचा दंड आणि कोठडी सोसावी लागते.

इथे तक्रार द्यायला गेलो तर पहिल्या ठिकाणी ऐकावं लागलं, "स्वतःच्या खुशीने गेला होता ना?" पैसे गेले होते म्हणून आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आधीच नोंद केली होती. तो क्रमांक घेऊन पुन्हा गेलो. विनापरवाना परदेशी नोकरभरती हा उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे आणि फसवून माणूस नेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, मानवी तस्करीत बसतं. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो. हे लिहून नेलं तेव्हा तक्रार घेतली गेली. ७० हजारांतले अकरा हजार खात्यात गोठवलेले सापडले. पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. समीर चिपळूणला एका औषधांच्या गोदामात बिलिंग करतो.

रूममेटवर त्याचा फार राग होता. महिनाभराने राग गेला आणि दुसरंच काहीतरी आलं. त्याच्या आई-वडिलांना कुणी सांगायचं? शेवटी समीर आणि त्याचे वडील स्वतः त्यांच्या गावी जाऊन आले. त्या घरी मुलगा 'बँकॉकला सेट झालाय' एवढंच माहीत होतं. त्याच्या वडिलांना मी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार भरून दिली. तो फॉर्म भरताना पासपोर्ट नंबर लागतो, आणि त्यांच्याकडे झेरॉक्स नव्हती. जुन्या कागदांत शोधून आम्ही तो मिळवला, तीन दिवस गेले. तेव्हापासून दुकानात कुणीही परदेशी जायचे कागद घेऊन आलं की पासपोर्टची एक झेरॉक्स मी घरच्यांच्या हातात देते. त्याचे पैसे घेत नाही.

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं. तिकडच्या आवारांमधून सुटलेली मुलं. रूममेट त्यांत होता. त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा समीर माझ्याच दुकानात होता. त्याने फोन ठेवला आणि बातमीचे व्हिडिओ लावून बसला. विमानात चढणाऱ्या रांगा, तोंडावर मास्क, हातात कागद. दर दोन-तीन सेकंदांनी तो थांबवायचा, बोटांनी मोठं करायचा, पुढे जायचा. तपकिरी जाकीट, उजव्या भुवईवर व्रण, एवढीच खूण त्याच्याकडे होती. गाडीत आंध्रच्या त्या मुलाने त्याला आपल्या पुड्यातली अर्धी बिस्किटं दिली होती. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

दुकान बंद करायची वेळ झाली तरी तो उठला नाही. मी शटर अर्धं ओढलं आणि दिवा चालू ठेवला.